लालासाहेब गुरुजींनी बदललेली शेळी

"आगं थांब, थांब! तसं न्हवं. सरक जरा. दे हिकडं त्यो माऊस."

"गुरुजी, मी करती की."

"तू करशील गं, पर कवा? जत्रा उठल्यावर? सरक म्हणतोय न्हवं मी."

शिवांजली सरकली. बाकाच्या टोकाला जाऊन तिनं वेणीचं टोक तोंडात धरलं आणि गुरुजींच्या हाताकडं बघत बसली. तिसरीतली पोरगी. शाळा भरल्यापासून एक फोटो स्लाइडवर बसवायला झटत होती. फोटोत तिच्या घरची शेळी होती, गाभण, पोट भुईला टेकायला आलेली. फोटो जरा तिरका बसला होता आणि शेळीचं एक शिंग वरच्या अक्षरांत घुसलं होतं. लालासाहेब गुरुजींनी माऊस इकडून तिकडं केला, दोनदा टिचकावला. फोटो सरळ झाला, शिंग अक्षरांतून निघालं.

"झालं का न्हाई? ह्येला म्हंत्यात काम."

"मला शिंग तसंच पायजे हुतं," शिवांजली पुटपुटली. पण तोवर गुरुजी पुढच्या स्लाइडवर पोचले होते.

दारात मनुबाई पदर खोचून उभी होती. शाळेची खिचडी ती शिजवते, आणि खिचडी शिजेपर्यंत वर्गात काय चाललंय त्याच्यावर बारीक नजर ठेवते. ती म्हणाली, "आवं गुरुजी, पोरगीला करू द्या की. तिचा इडिओ हाय का तुमचा?"

"मनुबाई, तुमी तुमची डाळ बगा."

"डाळ शिजतीया. तिच्यात कोण हात घालत न्हाई, म्हणून शिजतीया."

सगळी पोरं फिदीफिदी हसली. गुरुजी सोडून.

आटपाडी तालुक्यातली ही खिलारवस्तीची शाळा. दोन खोल्या, एक कडुलिंब, एक हातपंप आणि पटावर अकरा पोरं. वस्तीतला घरटी एक गडी गलाईला गेलेला. गलाई म्हणजे सोनारपेठेत भट्टी लावायची, जुनं सोनं-चांदी वितळवायचं आणि शुद्ध करून द्यायचं. पावसानं पाठ फिरवलेल्या ह्या मुलखातली माणसं त्या भट्टीमागं पार तामिळनाडू, केरळ, बंगालपर्यंत गेली. चैत्रात म्हसोबाच्या जत्रेला तेवढी गावाकडं येतात. बोकड कापतात, पोराबाळांना नवी कापडं घेतात, आणि जत्रेच्या त्या चार दिवसांत वर्षाचे सगळे निकाल लावून मोकळी होतात. कुणाचं लग्न कुठं जमवायचं, बोअर कुठल्या शिवारात पाडायची, कुठलं पोरगं कुठल्या शाळेत घालायचं.

शिवांजली आणि तिचा जुळा भाऊ शिवतेज, ही देवदत्तची पोरं. देवदत्तची भट्टी सेलमला. शिमग्याच्या सुमाराला त्याचा फोन आला होता. "गुरुजी, राग धरू नका, पर जूनपासनं दोगांस्नीबी तालुक्याला इंग्लिश मिडियमला घालतोय. तितली पोरं कंप्युटरवर इडिओ बनवत्यात म्हणं. आन पिवळी बस दारात येती."

गुरुजी त्या वेळी हातपंपाचा दांडा दुरुस्त करत होते. एका हातात पाना, एका हातात फोन. तोंडातून निघून गेलं, "आवं देवदत्त शेट, आमची पोरं आत्ताच बनवत्यात की इडिओ! जत्रंला या, समद्यांचं दावतो."

हे म्हणाले तेव्हा एकाही पोराचं बोट लॅपटॉपला लागलेलं नव्हतं. पण बोलून बसले. आणि बोलल्यापासून त्यांना अन्न गोड लागेना. दहाच्या आत पट आला की शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळणार, अशी बोलवा तालुक्यात उठलेली. अकरातनं दोन गेली की खाली किती उरतात, हे पहिलीतलं पोरगंही बोटं न मोडता सांगेल. शेजारचं गाव म्हणजे ओढा ओलांडून जायचं, उन्हात. धाकटी पोरं जाणार नाहीत. ती घरीच बसतील, नाहीतर मेंढरांमागं जातील. गुरुजींना हे ठाऊक होतं.

तसं अस्वस्थ व्हायला त्यांना कारण लागतं असंही नाही. लालासाहेब मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातले. ऊसवाल्यांचं घर, चुलता पलटणीत, थोरला भाऊ पलटणीत. आई रंगुबाई म्हणायची, "समदी पोरं पोटातनं आली, ह्यो चुलीतनं आलाय. ह्येच्या बुडाखाली इस्तू हाय." भाऊ गेला म्हणून हेही भरतीला गेले आणि गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून परत आले. भाऊ मात्र अजून वेगळंच सांगतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे, छाती मोजणारा हवालदार टेप नीट धरत नव्हता, म्हणून लाल्यानं त्याच्या हातातून टेप काढून घेतला आणि स्वतःच स्वतःची छाती मोजायला लागला. त्यावर लालासाहेब 'खोटं हाय' एवढंच म्हणतात आणि तिथून उठून जातात.

खरं असो, खोटं असो, माणूस असाच. दुसऱ्याच्या हातात चाललेलं काम त्यांना बघवत नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की कात्री मागतात. ट्रॅक्टर चिखलात रुतला असेल तर ड्रायव्हरला खाली उतरवतात आणि मग तो आणखी रुतवतात. पुतण्याच्या लग्नात बँडवाल्याच्या गळ्यातला ढोल काढून घेतला होता आणि वरात वेशीपाशी अडकली होती. घरी बायको राजेश्वरी भाकरी थापायला बसली की हे मागं उभे. कड जाड राहतीया, पाणी जास्त झालं, आच बारीक कर. एकदा तिनं परातीतला पिठाचा गोळा उचलून दाखवला. म्हणाली, "जावा भायेर. न्हाईतर तुमच्या पाठीवर थापती."

शाळेतही तेच. पोरांनी केलेल्या राख्या, पोरांनी केलेले आकाशकंदील, पोरांनी काढलेली भिंतीवरची चित्रं, सगळ्यांत एकच हात दिसायचा. एका वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात खिलारवस्तीच्या मातीकामाला बक्षीस मिळालं. बक्षीस देणाऱ्या बाई म्हणाल्या, "कमाल आहे, सगळ्या मुलांनी एकाच नमुन्याचे बैल केलेत." गुरुजींनी मान लवून बक्षीस घेतलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पोरांचं चांगलं दिसावं, एवढंच त्यांच्या मनात. काम वाईट होत असताना गप्प बसायचं ही कला त्यांना कुणी शिकवलीच नव्हती.

शिकवायला एकजण बसली होती, सांगलीच्या प्रशिक्षणात. अबोली मॅडम म्हणून तरणी पोरगी, बोलायला फटाफट. ती म्हणाली, "सर, व्हिडिओ जोडायची मोठाली सॉफ्टवेअर लहान पोरांना झेपत नाहीत. पॉवरपॉइंट घ्या. एक स्लाइड, एक फोटो, एक वाक्य. त्या स्लाइडवर पोरानं बोलायचं, आवाज तिथंच चिकटतो. चुकलं तर तेवढीच स्लाइड पुन्हा. शेवटी एक बटण दाबलं की सगळ्याचा व्हिडिओ होतो. आणि सर, तुम्ही मागं बसायचं. माऊसला हात लावायचा नाही."

गुरुजींनी सगळं डोक्यात बसवलं. स्लाइड, फोटो, आवाज, बटण. शेवटचं वाक्य तेवढं सांगलीच्या स्टँडवर एस.टी. धरायच्या गडबडीत मागं राहिलं.

आता जत्रा तोंडावर आली होती आणि पोरं गोगलगाईच्या चालीनं चालली होती. एक अक्षर हुडकायला एक युग. पोरं बोलायचीही मोठी तऱ्हा. प्रार्थना म्हणावी तसं एका दमात, तालात, थांबायचं नाव नाही. बोलता बोलताच बटण दाबायची. स्लाइड बदलताना मधल्या क्षणात आवाज धरला जात नाही, त्यामुळं प्रत्येक वाक्याचं शेपूट तुटायचं. 'आमच्या विहिरीला पाणी...' आणि पुढची स्लाइड. आहे का नाही, देवाला ठाऊक. गुरुजींनी दोनदा सांगून बघितलं, "थांबा, मग दाबा." पोरं हो म्हणाली आणि पुन्हा तशीच धावली. मग तिसऱ्यांदा सांगत बसण्यापेक्षा गुरुजींनी तुटलेली शेपटं स्वतःच्या आवाजात जोडून टाकली. त्यामुळं शिवतेजच्या व्हिडिओत विहीर शिवतेजची होती, पण पाणी गुरुजींच्या आवाजातलं होतं.

शिवांजलीच्या शेळीपाशी तर त्यांचा धीरच सुटला. तिनं आईच्या मोबाइलवर फोटो काढले होते, शेळी व्याली त्या दिवसाचे. त्यातला एक बघून गुरुजी मागं सरकले.

"शी शी! ह्ये काय गं?"

"वार हाय गुरुजी. रुपीची." रुपी म्हणजे शेळी, आणि वार म्हणजे व्यायल्यावर करडांमागून पडते ती नाळेची पिशवी.

"मला म्हायती हाय वार काय असती. ह्यी कशाला दावायची? पाव्हणंरावळं बसणार, जेवूनखाऊन आल्याली माणसं."

"पर ती पडंनाच. त्येचंच तर समदं..."

गुरुजींनी ऐकलं नाही. वारेचा फोटो गेला. तो गेल्यावर ओल्या करडांचाही बरा दिसेना, तोही गेला. मग सरळ केलेली रुपीही त्यांच्या डोळ्यात खुपायला लागली. इंटरनेटवरून त्यांनी एक शेळी उतरवून घेतली. पांढरीशुभ्र, अंगाला तेल लावल्यासारखी, गुडघाभर हिरव्या गवतात उभी, मागं डोंगर. खाली सोनेरी अक्षरं गोल गोल फिरत येऊन बसली, 'शेळी हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे.' शिवांजलीनं ते वाक्य वाचून दाखवलं, साहेब तपासणीला आल्यावर पोरं वाचतात तसं, ताठ उभं राहून. गुरुजींनी पाठ थोपटली. तिची वेणी पार निम्मी ओली झाली होती.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या असतात, म्हणून सकाळी माणसं मोकळी होती. गुरुजींनी खिडक्यांना पोती टांगून वर्ग अंधारा केला, भिंतीवर पांढरं धोतर ताणलं, तालुक्याच्या एका शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर मांडला. बापे बाकांवर, बाया दाराशी, पोरं भुईवर. देवदत्त पुढं बसला होता. पांढरी विजार, बोटात जाड अंगठी, आणि भट्टीवर भाजून भाजून कातडं टणक झालेले पंजे. गुरुजी कुठंच बसले नाहीत. वायर हलवून बघ, धोतराचा कोपरा ओढ, पोत्याची फट बुजव. मनुबाई म्हणाली, "गुरुजी, तुमी बसला न्हाई तर त्यो पडदाबी बसायचा न्हाई." माणसं हसली.

व्हिडिओ सुरू झाले. माणसं माना डोलवत होती. आपलं पोरगं धोतरावर बोलतंय म्हटल्यावर कोण डोलवणार नाही? मधेमधे पोराचा आवाज दाट होऊन गुरुजींसारखा व्हायचा, पण अंधारात कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. मग शेळी आली. अक्षरं गोल फिरून बसली. देवदत्त पुढं वाकला.

"थांबवा जरा."

गुरुजींनी थांबवलं.

"ह्यी शेळी कुणाची?"

"शेळी... म्हंजी नमुन्यादाखल हाय. तुमचीच समजा."

"माझी कशी समजू? आमच्या रुपीचा डावा कान कुत्र्यानं फाडलाय. मी सेलमात बसून रोज फोनवर बगतो तिला." देवदत्तनं धोतराकडं बोट केलं. "आन एवडं हिरवं गवात आटपाडी तालुक्यात कुटं हाय ते तेवडं सांगा गुरुजी. आत्ता जाऊन जमीन घेतो तितं."

वर्ग खदखदला. दाराशी बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण गुरुजींचे कान तापले. देवदत्त मात्र हसत नव्हता. त्यानं पोरीला विचारलं, "अंजे, ह्ये तू केलंस?"

शिवांजलीनं गुरुजींकडं बघितलं, मग बापाकडं. "पयला फोटू मी घातला हुता. मग गुरुजींनी घातलं."

"आन बोलणं?"

"गुरुजींनी लिवलं. मी वाचलं."

बाहेर जत्रेतला पिपाणीचा आवाज ऐकू यायला लागला. गुरुजी भराभरा बोलायला लागले. पोरं ल्हान हायती, येळ कमी हुता, चार लोकांत बरं दिसावं, शेवटी हेतू काय... देवदत्तनं हात वर केला. शांतपणानं म्हणाला, "गुरुजी, तिकडल्या शाळंतबी मास्तरच करत असतील, मला म्हायती हाय. पर मग हितं आन तितं फरक काय ऱ्हायला? तितं बस तरी हाय."

कोंडीत सापडले की गुरुजींचं तोंड आपोआप पुढं धावतं. "करंल ती! आत्ता करंल, तुमच्या म्होरं. पयल्यापासनं."

"सरी," देवदत्त म्हणाला. सेलमकडच्या माणसांचा हा होकार त्याच्या तोंडात बसलाय. "बसतो मी. कुस्त्यास्नी अजून येळ हाय."

मूळचे फोटो गुरुजींनी पुसले होते, पण पोरीच्या आईच्या मोबाइलवर ते होते. दाराशी उभ्या आईनं मोबाइल आत दिला. वायर जोडली. शिवांजली खुर्चीवर बसली. पाय भुईला पोचत नव्हते. तिनं कोरी स्लाइड उघडली आणि रुपीचा फोटो घातला. तिरका. शिंग वरच्या अक्षरांत घुसलं. ती पुढं गेली.

गुरुजींचा हात उठला. उठला तो वाटेतच अडकला. देवदत्तनं मनगट धरलं होतं, आणि त्या पंज्यातून काही सुटत नाही.

"बसा गुरुजी. माज्या भट्टीवर असता तर पयल्याच दिवशी हात भाजून घेतला असता तुमी."

गुरुजी बसले. बसून त्यांना घाम फुटला. पोरगी एका बोटानं अक्षरं हुडकत होती. एक सापडलं की दुसरं हरवायचं. मग ती बोलायला लागली आणि व्हायचं तेच झालं, 'हिचा कान कुत्र्यानं...' आणि पुढची स्लाइड. तिनं लावून ऐकलं. तोंड वाकडं केलं. पुन्हा बोलली. पुन्हा तुटलं.

"आगं, बटन दाबायच्या आदी..."

"गुरुजी," देवदत्त म्हणाला.

"न्हाई, सांगतो फकस्त..."

"आवं जावा की भायेर!" मनुबाई कावली. "लिंबाखाली जाऊन दम खावा. हितं बसून तुमी फुटशीला."

गुरुजी बाहेर पडले. लिंबाला एक फेरी मारली, दुसरी मारली. उभं राहवेना म्हणून हातपंप धरला आणि हापसायला लागले. बादली भरली, हौदात ओतली. हौद भरला, तरी हापसत राहिले. हौदावरून पाणी खाली, पाणी पायांत. पोत्याआडून पोरीचा आवाज येत होता, तेच वाक्य, तेच वाक्य. मध्येच शिवतेज ओरडला, "आगं, बोलून झाल्यावर जरा गप बस, मग दाब!" आणि शिवांजली त्याच्यावर उलटून ओरडली, "तू गप बस! माजा हाय त्यो!" मग वाक्य आलं, सगळं, शेपटासकट. त्याच्या मागं एक मोकळी, गप्प जागा. मग पुढचं वाक्य.

ती गप्प जागा ऐकून गुरुजींचा दांडा हातातच राहिला. एवढी वर्षं ते ह्याच जागी हात घालत आले होते. पोरगं थांबलं, की ह्यांना वाटायचं अडलं.

पण विचार करत उभं राहणं त्यांना जमत नाही. ते पुन्हा हापसायला लागले.

आतून हाक आली तेव्हा पोरीनं शेवटचं बटण दाबलं होतं. पडद्याच्या तळाला एक हिरवी रेघ सावकाश पुढं सरकत होती. सगळी वस्ती त्या रेघेकडं बघत बसली होती. गुरुजीही बसले, कारण त्या रेघेला ढकलायला काही सोयच नव्हती.

मग रुपी आली धोतरावर, फाटक्या कानाची, तिरकी.

"ह्यी आमची रुपी. हिचा कान कुत्र्यानं फाडला. हिला पाव आवडतो."

दुसरी स्लाइड. "सकाळी ती वराडाय लागली. आई म्हणाली, आज शाळंला जाऊ नगंस."

तिसरी, ओल्या करडांची. "पयलं करडू लगीच उठलं. दुसरं उठंना. आईनं त्येच्या नाकात फुंकर घातली. मग शिंकलं."

ह्या वाक्याच्या मागं सबंध वेळ करकर-करकर असा आवाज होता. एकजण म्हणाला, "ह्यो कशाचा आवाज?"

"गुरुजींचा," मनुबाई म्हणाली, आणि वर्गात एकच हशा उठला. हातपंप व्हिडिओत आला होता.

चौथी. दाराशी एका बाईनं नाक मुरडलं, पण मान वळवली नाही. "ह्यी वार. ह्यी पडंना म्हणून आई लय भ्याली. दुपार झाली तवा पडली. कुत्र्यानं वडू नये म्हणून मी काठी घिऊन बसले. मग आज्जीनं पुरली."

"बराबर," एक म्हातारा अंधारात म्हणाला. "पुरायलाच पायजे."

पाचवीत दोन करडं आचळाला लागलेली. "आता दोगंबी पित्यात." आणि सहावी स्लाइड नुसती लाल, धुरकट. "ह्यो फोटू चुकून आलाय. ह्यो माजा आंगठा हाय."

संपलं. टाळ्या पहिल्यांदा पोरांनी वाजवल्या. देवदत्तनं पुन्हा लावायला सांगितलं, मग म्हणाला, माझ्या मोबाइलवर पाठवा, भट्टीवरच्या पोरांना दाखवतो. वारेच्या स्लाइडपाशी त्यानं आपल्या बायकोकडं बघितलं आणि विचारलं, "मला का न्हाई सांगितलंस फोनवर?" ती म्हणाली, "तुमी तिकडनं काय करणार हुता?"

माणसं कुस्त्यांकडं पांगली. गुरुजी देवदत्तच्या मागं मागं लिंबापर्यंत गेले. पोरांचं काय ठरलं ते विचारायचं होतं. पण देवदत्तच आधी बोलला. "शिवतेजचं नाव घातलंय तिकडं, मेव्हण्यानं. त्यो जाईल जूनपासनं. अंजी ऱ्हाऊ द्या हितंच."

अकरातनं एक गेलं, दहा उरली. गुरुजींच्या छातीवरचा धोंडा निम्मा सरकला. दुसऱ्याच क्षणाला तो निम्मा धोंडा दुसरीकडं जाऊन बसला. ते म्हणाले, "शेट, एक इचारू? इडिओ बगून ठिवताय का पोरगी हाय म्हणून ठिवताय?"

देवदत्तनं विजारीवरची धूळ झटकली. "गुरुजी, तुमास्नी गप बसवतच न्हाई का वं? ऱ्हायली न्हवं ती? झालं तर." आणि तो मैदानाकडं निघून गेला. हलगी वाजायला लागली होती.

मनुबाई भांडी घेऊन हातपंपाकडं आली. चिखल बघून तिनं कपाळाला हात लावला. मग गुरुजींचं तोंड बघून म्हणाली, "मला इचारा. पोरगीला बस कोण लावतंय? इडिओ असता-नसता, ती हितंच ऱ्हायली असती."

"तसं न्हाई मनुबाई. त्येनं दोनदा बगितला की."

"बगितला. कोण न्हाई म्हणतंय?"

ह्या दोन्हीतलं खरं कुठलं, ते गुरुजींना त्या दिवशी कळलं नाही, नंतरही कळलं नाही. घरी राजेश्वरीला त्यांनी चार वेळा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "शाळा ऱ्हायली ना? मग जेवा की." ते जेवले, पण मध्येच उठून खिडकीचा खिळा ठोकून आले.

जत्रा उठली. गलाईवाले आपापल्या गाडीनं गेले. शाळा सकाळची होती. गुरुजी आले तेव्हा शिवतेज दारातच उभा, तोंड फुगवून.

"गुरुजी, अंजीचा तिनं केलाय. माजा तुमी केलाय. मलाबी माजा करायचाय."

"आरं, तू तर चाललास न्हवं तिकडं?"

"जूनला चाललोय. आज न्हाई."

गुरुजी त्याच्याकडं बघत राहिले. जाणारं पोरगं. ह्याच्यावर घालवलेल्या वेळाचा पटाला काडीचा उपयोग नव्हता. त्यांनी कपाट उघडलं, लॅपटॉप काढून बाकावर ठेवला, वायर लावली, आणि त्याच्या विहिरीचा जुना व्हिडिओ, स्वतःच्या आवाजासकट, पुसून टाकला.

"घे. इहीर तुजी, पाणीबी तूच वड."

शिवतेज बसला. बसल्या बसल्या पहिलाच फोटो उलटा घातला. आभाळ खाली, विहीर वर. गुरुजी गर्रकन वळले आणि दुसऱ्या खोलीत गेले. तिथं पहिलीतली पोरगी पाटीवर 'ग' काढत होती, काठी एकीकडं, पोट एकीकडं. गुरुजींनी पाटी ओढून घेतली, पुसली आणि स्वतः टपोरा 'ग' काढून दिला. आपण काय केलं हे ध्यानात यायच्या आतच बाहेरून मनुबाईचा आवाज आला.

"गुरुजी, तांदूळ मोजून देताय का उपाशी ठिवताय पोरास्नी?"

"आलो, आलो," म्हणत त्यांनी खिशातून कोठीची किल्ली काढली. शेजारच्या खोलीतून शिवतेज ओरडला, "गुरुजी, ह्यो उलटा झालाय, काय करू?"

"झाला असंल," गुरुजी चालता चालता म्हणाले, कोठीचं दार उघडलं आणि पोत्यात माप घातलं.